सव्वादोनचा हात

आटपाडीच्या आठवडी बाजारात इमाम मणियारांनी चाळीस वर्षं बांगड्या भरल्या. कितीही जाड हात असो, ओरखडा न उठता काचेची बांगडी मनगटावर चढायची, अशी त्यांची ख्याती. त्याच हातांनी गेल्या उन्हाळ्यात त्यांनी जीनतला तांब्या फेकून मारला.

जीनत त्यांची थोरली लेक. नवरा वारल्यावर माहेरी आलेली, अंगणवाडीत सेविका. डॉक्टरांनी अब्बांना डिमेन्शिया सांगितला होता. आंघोळीचं पाणी काढलं की अब्बा चवताळायचे. "कोण गं तू? माझा माल कुठं नेलास?" म्हणत तिचं मनगट पिरगाळायचे. "अब्बा, मी जीनत," असं समजावलं की आणखीच भडकायचे. एकदा तिनंही ओरडून हात हिसडला आणि अब्बा न्हाणीत कोलमडले. लागलं नाही फारसं, पण त्या दिवशी तिला घास गिळवला नाही.

साताऱ्याहून भावाचा, अश्फाकचा, फोन आला. "एखाद्या संस्थेत ठेवू. तुझ्यानं न्हाई व्हायचं."

"व्हईल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी मनगट धरलं तेव्हा तिनं ओढलं नाही. हात ढिला सोडला. काही सुचेना म्हणून बोलून गेली, "चाचा, बांगड्या भरायच्यात."

पकड सैल झाली. अब्बांनी तिचा अंगठा हळूच तळव्यात दुमडला, बोटं चेपून माप घेतलं. "सव्वादोनचा हात हाय. घाबरू नको, आक्का. जरा साबण आण."

बापानं आक्का म्हटलेलं तिच्या काळजाला लागलं. पण साबण तिनं आणला. त्यांनी तिच्या हाताला फेस केला, तिनं त्यांच्या. कोपरापर्यंत गेली, मग खांद्यापर्यंत. महिन्यानं पहिल्यांदा अब्बांची धड आंघोळ झाली.

जीनतनं प्लॅस्टिकच्या बांगड्या आणल्या, न्हाणीत स्टूल ठेवलं. रोज जमायचं असं नाही. बिनसलं की ती वाद न घालता बाहेर यायची, चहा टाकायची आणि अर्ध्या तासानं पुन्हा हात पुढं करायची.

मग तिनं अश्फाकला फोन लावला. "दर महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार तुझा. मलाबी माणसागत झोप पायजे."

तो आला. पहिल्याच तासाला अब्बांनी त्याला चोर म्हणून थोबाडीत दिली. बाहेर कट्ट्यावर बॅग मांडीवर घेऊन तो बसून राहिला.

"परतीची येष्टी उद्या सांजच्याला हाय," जीनत दारातून म्हणाली. "तवर त्यांना तूच जेवू घालायचं."

तो उठला. त्याच्या हातून अब्बांनी अर्धी भाकरी खाल्ली, उरलेली त्याच्या सदऱ्यावर थुंकली.

पुढच्या महिन्यात अश्फाक दोन सदरे जास्त घेऊन आला.