पेशीच्या अंगावरची साखर

आमचे जीवशास्त्राचे सर पँटला चिकटलेलं कुसळ कधी फेकत नसत. ते अलगद सोडवून समोरच्याच्या बाहीला लावत आणि म्हणत, "पेशीच्या अंगावर साखरेची अशीच कुसळं असतात, मराठीवाले. त्यावरूनच शरीर ठरवते, कोण आपला आन् कोण परका."

मराठीवाले म्हणजे मी. साकोलीच्या कॉलेजात आमची टेबलं शेजारी होती. कुणी चहात साखर ढवळू लागलं की सर हात धरायचे. "हे बिचारी साधी. खरी नाटकं त्या गुंतागुंतीच्या साखरेची. रक्तगट म्हणजे काय? लाल पेशीवर कोणती साखर, एवढंच." तोवर चहा थंड.

हिवाळ्यात ते गावोगाव सिकलसेलची, त्या पिढीजात रक्तदोषाची, तपासणी करवून घेत. ते दिसले की दारं लागायची. आपल्याकडचं तुम्हाला ठाऊकच आहे, 'रक्त तपासलं' एवढी कुजबुज पोरीची सोयरीक मोडायला पुरते.

मग सरांच्याच पोटातला अल्सर फुटला. नागपूरच्या दवाखान्यात आम्ही ओ गटाचे झाडून सारे मास्तर जीपमध्ये कोंबून गेलो, वरातीला निघाल्यासारखे. एकाचंही रक्त जुळलं नाही.

पांढरेफटक सर पडल्या पडल्या शिकवत होते. "मी दिसतो ओ. पण तुमच्या पेशीवर जे पायाभूत साखर हाये, तेच माझ्यावर नाई. बॉम्बे ग्रुप म्हणतात. मले त्याच ग्रुपचं रक्त चालते."

"सर, उभ्या भंडारा जिल्ह्यात तुम्हालेच मुंबईचं भेटलं?"

ते हसले. मग हळू म्हणाले, "भावाले विचारा. आशा त्याचीच जास्त."

धाकटा भाऊ सिहोऱ्याला शेती करायचा. मी गेलो तेव्हा त्यानं बाज टाकली, चहा दिला.

"पोरीची बोलणी चालू हाये, सर. तपासणीचं समजलं तर पाव्हणे काय म्हणतीन?"

"अहो, ते सिकलसेलची तपासणी वेगळी. हे फक्त गटाचं."

"मले समजलं. लोकाईले समजते का?" तो धानाच्या बांधीकडे पाहत राहिला. "मुंबईहून रक्ताची पिशवी येऊन राहिली ना? मंग."

पिशवी आली. तोवर सर गेले होते.

उन्हाळ्यात त्या पोरीचं लग्न झालं. पंगतीत नवरदेवाच्या मामांनी सहज विचारलं, "मुलीचे मोठे बाबा, ते कॉलेजातले सर, कशानं गेले म्हणे?"

भाऊ वाढत होता.

"हार्ट अटॅक," तो म्हणाला, आणि मी नको म्हणत असताना माझ्या पानात भात वाढत राहिला.