बुडालेल्या जगातला मेंढपाळ

कल्पना करा, जग बुडालं आहे. शहरांची राख झाली, जमीन विषारी झाली आणि तुम्ही त्या जगात पहिल्यांदाच उतरताय. कोण व्हायचं ते तुम्हीच ठरवायचं. बंदूकवाला व्हा, लुटारू व्हा, डॉक्टर व्हा. काय निवडाल?

परंड्यात मोबाईल दुरुस्त करणाऱ्या मल्हारनं मेंढपाळ निवडला. हेडफोनमध्ये आम्ही सगळे खिदळलो.

"अरे, जग बुडालं तरी तू मेंढ्याच राखणार?" हा श्रेयस. तुळजापूरचा, मल्हारचा पॉलिटेक्निकचा वर्गमित्र. सर्व्हर त्याचा आणि गेममधला एकमेव किल्लाही त्याचाच. तिथं तो किल्लेदार. त्याचे नियम कडक होते. खेळताना आपण म्हणजे आपलं पात्र, बाहेरचं काही बोलायचं नाही. आणि पात्र मेलं की कायमचं मेलं.

"व्हय, राखणार," मल्हार म्हणाला. "तुमी काय काडतुसं खाणार हाव का?"

त्या जगात पीक येत नसे. धान्य फक्त किल्ल्यात, किल्लेदार म्हणेल त्या भावानं. मल्हारच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या; त्यानं तिथं पाहिलेलं केलं. एका खेळाडूच्या पडीक रानात कळप बसवला. लेंड्यांच्या खतानं जमीन कसदार झाली, ज्वारी आली, तिच्यातला वाटा मल्हारला मिळाला. गेम बनवणाऱ्यांनी ही सोय ठेवली होती, पण आमच्यापैकी कुणी ती वापरून पाहिली नव्हती. मग दुसऱ्यानं बोलावलं, तिसऱ्यानं बोलावलं. किल्ल्याच्या दारातली गर्दी आटली. थोड्याच दिवसांत किल्लेदारानं दवंडी पिटली: मेंढ्यांमुळं रोग पसरतोय.

गेममधून बाहेर पडलं तरी पात्र तिथंच झोपून राहतं. म्हणून बाकीचे आपलं पात्र पक्क्या खोलीत कोंडून जात. मल्हार मात्र आपलं पात्र कळपाशेजारी उघड्यावर निजवायचा. मी त्याला म्हणालो, "मारतील रे तुला."

"लोकाच्या रानात कळप बसवायचा अन् आपण घरात झोपायचं? आमच्यात असं कोण करत न्हाय."

रविवारी तो खेळायला आला, तर सगळा कळप मरून पडलेला आणि भोवती बंदुका.

"तू उठायची वाट बघत होतो," श्रेयस म्हणाला. "झोपेत मारण्यात काय मजा?"

"मेंढ्यांनी काय केलं हुतं?"

"चल, घोंगडीवाल्या. सुटलास."

गोळी सुटली. मल्हारचा पडदा काळा झाला.

मल्हारनं लगेच फोन लावला. "श्रेयस, ते 'घोंगडीवाल्या' कोण बोललं?"

"किल्लेदार बोलला. रोल-प्ले आहे रे, एवढं काय मनाला लावून घेतोस? दुसरं पात्र घे."

"घेतलं तर मेंढपाळच घेईन."

"मग पुन्हा मरशील." मागून कुणीतरी हसलं आणि फोन कट झाला.

मल्हार त्या सर्व्हरवर परत गेलेला नाही. परवा दुकानात गेलो तेव्हा तो एका बोर्डाला सोल्डरिंगचा डाग देत होता. मी विषय काढला नव्हता. त्यानंच मान वर न करता काढला.

"राख हाय, इखारी पाणी हाय, फाटके कोट हायेत त्या गेमात. घोंगडी कुठंच न्हाय. म्या वस्तूंची समदी यादी धुंडून बघितली. मग किल्लेदाराला घोंगडी ठावं कशी?"