दोर धरणारे साडू

आमच्या मोठ्या साडूंइतका सणांवर जीव टाकणारा आणि सणांना तितकाच घाबरणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. पंचांग छापायचं काम त्यांच्याकडे असतं, तर त्यांनी प्रत्येक सणापुढे मुहूर्ताऐवजी ‘जपून’ एवढंच छापलं असतं. रोह्याजवळच्या एका रंगाच्या कंपनीत त्यांनी शिफ्टमध्ये जन्म काढला, आणि तिथला धोक्याचा भोंगा त्यांच्या अंगात शिरला तो निवृत्तीनंतरही निघाला नाही. दिवाळीत त्यांच्या अंगणात रांगोळीच्या आधी पाण्याची बादली, वाळूचं घमेलं आणि भिजवलेलं गोणपाट येई. साधी फुलबाजी पेटवायची तरी पायात चपला आणि अंगात सुती कपडे हवेत. एका लक्ष्मीपूजनाला माझी बायको नवी नायलॉनची साडी नेसून पणत्या लावायला निघाली, तर हे दारातच आडवे झाले. “गो, आधी साडी बदल, मग पणत्या लाव. लक्ष्मी थांबंल, आग नाय थांबायची.” बायको चरफडत आत गेली आणि जुनं लुगडं नेसून आली. शिमग्याला तर ते येणाऱ्याचं आधी तोंड हुंगत आणि मग पाणी विचारत. वास आला की स्कूटरची किल्ली जप्त, आणि ती थेट तांदळाच्या डब्यात. आमचा मेहुणा, म्हणजे आम्हा दोघांच्या बायकांचा धाकटा भाऊ, दर शिमग्याला त्यांच्या ओटीवर झोपायचा तो काही हौसेने नव्हे.

मी पेणचा, त्यामुळे त्यांच्या घरचा गणपती रोह्याला पोचवायचं काम दरसाल माझ्याकडे. पण भरवसा कुणावर ठेवतील तर ते साडू कसले! आदल्या दिवशीच पेणला मुक्कामाला येत, टेम्पोच्या मागे मूर्तीला कवेत घेऊन बसत आणि प्रत्येक खड्ड्याला केबिनच्या पत्र्यावर थाप मारत. आमच्याकडच्या रस्त्यात खड्ड्यांना तोटा नाही, तेव्हा थापांनाही नसे. एकदा ड्रायव्हर वैतागून खाली उतरला. “काका, तुमीच चालवा, मी मूर्ती धरतो!” साडू शांतपणे म्हणाले, “मला येत नाय, म्हनून मी चालवत नाय. तुला येते ना? मग हळू चालव.”

पण त्यांची खरी ख्याती होती ती विसर्जनाच्या दोराबद्दल. आमची कुंडलिका नदी दिसायला गरीब, पण वरून धरणाचं पाणी सुटलं की बघता बघता पायऱ्या गिळते. म्हणून मूर्ती घेऊन उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि दुसरं टोक घाटावर साडूंनी धरायचं. दोर हलकेच ओढला की असेल तिथून मागे फिरायचं, हा नियम. सगळा घाट हसायचा. मूर्ती नेण्याचा मान मेहुण्याचा, तोही ओरडायचा, “भावजी, मला काय म्हैस समजलात काय?” एका वर्षी तो असाच हसत हसत उतरला आणि शेवाळलेल्या पायरीवरून सरकला. पाणी नेमकं तेव्हाच चढत होतं. मूर्ती गेली, पाठोपाठ तोही दिसेनासा झाला. साडूंनी दोर ओढला, आम्ही सगळे त्यांच्या मागे दोराला लागलो, तेव्हा तो खोकत, ओकत वर आला. साडूंनी त्याला स्वतःचा कोरडा पंचा दिला आणि ओला दोर गुंडाळायला घेतला.

त्या दिवशी प्रसाद वाटताना अक्का, म्हणजे साडूंची बायको, मला म्हणाली, “घरचा गणपती यांचा, पन यांनी एकदाबी आपल्या हातानं सोडला नाय. लय मनात हाय त्यांच्या. दरसाल म्हनतात, फुडल्या वर्षी. दोर कुनाच्या हाती द्यावा, ह्येच ठरत नाय बघा.” माणूस अडला होता तो एवढ्यासाठी, आणि आम्ही इतकी वर्षं त्यांना भित्रे म्हणत होतो.

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. त्या वर्षी घाटावर त्यांनी दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. “साडूभाव, यंदा तुमी धरा. मनगटाला गुंडाळू नका, मी घसरलो तर तुमीबी याल.” मेहुण्याने मूर्तीला खालून हात दिला आणि दोघे कमरेएवढ्या पाण्यात उतरले. मूर्ती दोनदा बुडवून वर काढली. तिसऱ्यांदा बुडवली ती सोडून दिली, आणि साडू तिथेच उभे राहिले. मी दोर हलकेच ओढला. ते हलले नाहीत. पुन्हा ओढला. जन्मभर दुसऱ्यांना नियम शिकवणारा हा माणूस पाण्याकडे बघत नुसता उभा! पाणी चढत नव्हतं, माझ्यापुढची पायरी अजून उघडी होती, म्हणून मी दोर नुसता ताणून धरला.

शेवटी ते आपणहून वर आले. आल्या आल्या दरडावून म्हणाले, “मी येत नाय म्हटल्यावर जोरात नाय का ओढायचं?” मग पायरीवर बसले आणि तोंड पुसता पुसता त्यांचा आवाज उतरला. “काय करू? इतकी वर्सं मूर्ती जाताना कदी बघितलीच नव्हती. नजर दोरावर.”

आता साडू नाहीत. दोर माझ्याकडे आहे, आणि मेहुण्याचा मुलगा मला तेच म्हशीचं विचारतो. मूर्ती कशी जाते ते मला विचारू नका. त्या संध्याकाळपासून मीही पाहिलेली नाही.