पत्रिकेवर नवरदेवाचं गाव

पोरीच्या लग्नात मी दोन घोळ केले, आणि दोन्ही छापून केले. तोंडी बोललेलं माणूस नाकारू तरी शकतो. छापलेल्याचं काय करणार?

पोरगी नर्स. आयर्लंडच्या बेटावर, उत्तरेकडच्या एका शहरात दवाखान्यात नोकरीला. तिथल्याच एका पोराशी तिचं जमलं. पोट्टी कुठं असते असं कोणी विचारलं की मी बिनधास्त सांगायचो, "इंग्लंडले." सकाळी फिरायला येणारी आमची टोळी सगळी भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर्ड. कोणी कोक ओव्हनचा, कोणी ब्लास्ट फर्नेसचा, मी रूळ बनवणाऱ्या रेल मिलचा. त्यांच्यापुढे आयर्लंड म्हटलं की नकाशा काढून बसावं लागे. इंग्लंड म्हटलं की माना डोलत. लोक गोरे, बोलणं इंग्रजी, पगार पौंडात, बारा महिने पावसाची रिपरिप. मग ते इंग्लंड नाही तर काय भंडारा आहे, असा माझा सवाल होता.

आता आमच्या पत्रिकेचं सांगतो. आम्ही भंडारा जिल्ह्यातून प्लांटच्या नोकरीसाठी भिलाईत आलेली माणसं. आमच्यात पत्रिका हातात पडली की म्हातारे नवरदेवाचं नाव वाचत नाहीत, आधी गाव वाचतात. गावावरून नातं लागतं, कोणाची साळी कुठं दिली ते निघतं, आणि मगच चहा पुढे सरकतो. म्हणून मजकूर मी स्वतः लिहिला. नवरदेवाच्या नावाखाली मु. पो., मग त्यांचं गाव, आणि गावापुढे ठसठशीत अक्षरात 'इंग्लंड'. छापून आल्यावर पहिली पत्रिका देवापुढे ठेवली आणि दुसरीचा फोटो पोरीला पाठवला. शाबासकीची वाट पाहत बसलो.

फोन आला. शाबासकीचा नव्हता.

"बाबा, हे तुम्ही काय करून ठेवलं?"

मी म्हटलं, काय झालं बाप्पा, काना-मात्रा चुकली का. मग तिने मला अर्धा तास भूगोल शिकवला. त्या एका बेटावर दोन देश आहेत. मोठा भाग स्वतंत्र आयर्लंड. उत्तरेचा तुकडा ब्रिटनच्या राजाखाली, पण तो इंग्लंड नाही. इंग्लंड समुद्रापलीकडे, वेगळ्याच बेटावर. बरं, स्वतंत्र आयर्लंडला लोक दक्षिण म्हणतात, आणि त्याच दक्षिणेचा एक जिल्हा उत्तरेच्याही वर उत्तरेला जाऊन टेकतो. मधल्या सीमेवर ना फाटक, ना शिपाई. रस्त्यावरच्या पाट्या मैलांच्या किलोमीटरच्या झाल्या की समजायचं देश बदलला. ती स्वतः सुट्टीच्या दिवशी किराणा घ्यायला परदेशात जाते आणि स्वयंपाकाच्या वेळेला घरी परत येते. तिथे जन्मलेल्या माणसाला वाटलं तर आयर्लंडचा पासपोर्ट मिळतो, वाटलं तर ब्रिटनचा, आणि फारच वाटलं तर दोन्ही.

"मंग त्यायले म्हणावं तरी काय?" माझं डोकं गरम झालं होतं.

तेच तर आहे, म्हणाली. नवरदेवाचे वडील स्वतःला आयरिश म्हणतात. नवरदेवाचा सख्खा मामा स्वतःला ब्रिटिश म्हणतो. गाव एक, रस्ता एक, घरं दोन टोकांना. नवरदेवाची आई होती तोवर तिच्यामुळे येणं-जाणं होतं. ती वारली आणि दोघांचं बोलणंच थांबलं. भांडण असं कधी झालंच नाही, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. पोराची एकच इच्छा होती: आई नाही, तर निदान हे दोघं आपल्यामागे मांडवात उभे राहावेत. कितीतरी विनवण्या करून दोघं भिलाईला यायला तयार झाले होते. आणि इंग्लंडचा म्हणाल, तर दोघांपैकी एकही नव्हता. म्हणजे मी असा नेमका शब्द शोधून छापला होता, जो दोघांनाही बोचावा.

तरी मी हेका सोडेना. परक्या माणसाला एवढं कुठून कळणार, म्हटलं. तेव्हा तिने माझ्या वर्मावर बोट ठेवलं. तिच्या पुण्याच्या एका मैत्रिणीच्या आईने मला एकदा विचारलं होतं, तुमच्या बिहारमध्ये मराठी शिकवतात का हो? वर माझ्या मराठीचं कौतुकही केलं होतं. दोन दिवस मी घरात कोणाशी धड बोललो नव्हतो. मी भिलाईत आलो तेव्हा हे मध्य प्रदेश होतं, मग छत्तीसगढ झालं. क्वार्टर तेच, नळ तोच, शेजारी तेच. एक पाऊल न हलता मी दोन राज्यांत राहून घेतलं. नागपूरचे नातेवाईक आम्हाला छत्तीसगढी म्हणतात, इथले आम्हाला महाराष्ट्रियन म्हणतात, आणि पुण्याच्या बाईंनी तर थेट बिहारात नेऊन सोडलं. पोरगी म्हणाली, तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं ते आठवा.

फक्त गाव ठेवा, बाकी काही लिहू नका, असं तिने बजावलं होतं. तशा नव्या पत्रिका छापूनही आणल्या, पण गावापुढची ती रिकामी जागा मला बोडकी दिसायला लागली. मी 'आयर्लंड' अशा बारीक पट्ट्या छापून आणल्या आणि बायको नि मी दोन दुपारी डिंक घेऊन चिकटवत बसलो. ती म्हणाली, पोरीनं नाही म्हटलं ना, तुमाले कोणाचं ऐकाचंच नसते. मी म्हटलं, तुले काय समजते. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण एकदा ज्ञान झालं की माझ्याने गप्प बसवत नाही. शेजारच्या दुर्गमधल्या पद्मनाभपुरात लग्नाचा हॉल घेतला होता, तिथे फाटकावर लावायला मी भलंमोठं फ्लेक्स करून घेतलं: 'आयर्लंडच्या पाहुण्यांचे हार्दिक स्वागत', बाजूला स्वतंत्र आयर्लंडचा हिरवा-पांढरा-केशरी झेंडा. आपल्यासारखेच रंग पाहून मला उलट जवळीकच वाटली होती.

पाहुणे आले. वडील उंच, तांबूस, भरल्या अंगाचे. समोर येईल ते खात आणि आणखी मागत. सावजीचा रस्सा खाऊन त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी वाटी पुढे केली. मामा बारीक, नीटनेटका, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. तो तिकडच्या रेल्वेत सिग्नलचं काम करून रिटायर झालेला, आणि मी रेल मिलचा. मग काय विचारता. माझं इंग्रजी शिफ्टमधलं, त्याचं इंग्रजी वेगळ्याच वळणाचं, पण रूळ म्हटला की दोघांना सगळं समजे. मी त्याला दुर्ग स्टेशनवर नेलं. रुळाच्या कडेवर उठवलेली अक्षरं फलाटावरून दाखवली आणि सांगितलं, हे आमच्या हातचं. तो खाली वाकून कितीतरी वेळ पाहत राहिला. मला तो फार आवडला. फक्त त्याच्या मेव्हण्याशी, म्हणजे नवरदेवाच्या वडिलांशी, तो एक शब्द बोलत नव्हता. हळदीला दोघं दोन कोपऱ्यांत, दोघंही पिवळे.

लग्नाच्या सकाळी मामाची गाडी हॉलच्या फाटकाशी थांबली. तो उतरला, फ्लेक्सकडे पाहिलं, झेंड्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण ते आता नुसतं रीतीपुरतं होतं. वऱ्हाडासाठी ठेवलेल्या जानोशाच्या खोलीत तो जाऊन बसला. पोरीला त्याने हळूच सांगितलं, की हे बहुधा माझ्या मेव्हण्याच्या घरचं लग्न आहे, मी इथूनच ऐकीन.

पोरगी नऊवारीत, कपाळावर बाशिंग, तशीच माझ्याकडे आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. डोळ्यांत पाणी, आणि एवढंच म्हणाली, "बाबा, मामा मागं उभा राहिला नाही तं त्याच्या आईकडलं कोणीच नाही."

मला माझी लाज वाटली. फार लाज वाटली. मुहूर्ताला अर्धा तास होता. मी शिडी मागवली, कोणाची वाट न पाहता स्वतः चढलो आणि फ्लेक्स उतरवलं. आचाऱ्याने ते उलटं करून पुऱ्या लाटायला खाली अंथरून घेतलं. मग एक पत्रिका घेऊन मी जानोशात गेलो.

माफी मागायला माझं इंग्रजी पुरत नव्हतं, म्हणून मी त्याला पत्रिकेवरची माझीच ओळ दाखवली. मु. पो. आमचं खेडं, तालुका, जिल्हा भंडारा. आणि त्याच्याखाली लहान अक्षरात: ह. मु. भिलाई. त्याने विचारलं, हे लहान काय. मी सांगितलं, हल्ली मुक्काम. सध्या इथे थांबलो आहे, असा त्याचा अर्थ. किती दिवसांपासून, त्याने विचारलं. मी म्हटलं, चाळीस वर्षं. मामाला जे हसू फुटलं ते थांबेना. मलाही फुटलं. मग जमेल तशा इंग्रजीत मी म्हटलं, माझं राज्य माझ्या डोक्यावरून बदललं, मला कोणी विचारलं नाही; पण गाव कोणी बदलू शकलं नाही. तुमचा देश तुम्ही ठरवा. आमच्या मांडवात फक्त गाव पुकारतात.

त्याने माझ्या खिशातला पेन घेतला, मी चिकटवलेली पट्टी नखाने सोलून काढली, उरलेल्या गावाखाली एक रेघ ओढली, आणि मला त्यांच्या गावाचं नाव तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा बरं जमलं म्हणाला. पेन माझ्या खिशात परत खोचून तो उठला.

अंतरपाट धरला तेव्हा नवरदेवाच्या मागे वडील आणि मामा दोघंही उभे होते. मध्ये दोन हातांचं अंतर, दोघांची नजर समोर. अक्षता पडल्या, हार घातले, आणि पाहुण्यांचा मान करायला मी माईक हातात घेतला. आमच्यात हे काम वधूपित्याचं नाही, पण माईक मी दुसऱ्याला देत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. वडिलांना शेला-टोपी झाली. मामाला झाली. दोन्ही वेळा मी नुसतं गाव पुकारलं, आणि दोघांनी टोपी सारख्याच कोनात तिरकी घातली.

मग बायको एक ताट घेऊन पुढे आली. ताटात विहिणीची साडी, खण, नारळ. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. बायको म्हणाली, विहीण नसली म्हणून तिचा मान काऊन टाळाचा? मी माईकवर सांगितलं, नवरदेवाची आई. सासर तेच गाव, माहेरही तेच. पोरीने ते त्या दोघांना इंग्रजीत सांगितलं.

ताट कोणी घ्यायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. दोघांचे हात एकदमच पुढे आले. वडिलांनी मामाकडे पाहिलं आणि आपले हात मागे घेतले.

"तुम्ही घ्या," ते म्हणाले. "ती आधी तुमची होती."

पोरीने हे मला पुटपुटत मराठीत सांगितलं. मामाने ताट घेतलं नाही. त्याने एक कड धरली आणि दुसरी कड वडिलांपुढे केली. स्टेजच्या पायऱ्या अरुंद. दोघं म्हातारे ताट सांभाळत, एकमेकांना पाऊल कुठं टाकायचं ते सांगत, हळूहळू खाली उतरले. माझ्या हातातला चालू माईक मी बायकोच्या हातात दिला.