ट्राममधलं बाबांचं बोट

मँचेस्टरच्या ट्राममध्ये ब्रेकचा जळका वास आला की मला हिरोशिमा आठवतं. तिथे ट्रामचा नवा मार्ग टाकायच्या कामावर मी इंजिनिअर होतो. तो मार्ग आता सुरू झालाय. बघायला बाबा उरले नाहीत.

नागपुरात जन्मभर बस चालवलेले बाबा तेव्हा महिनाभर माझ्याकडे आले होते. हिरोशिमाच्या ट्रामचा ड्रायव्हर चूक होऊ नये म्हणून प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून तो लाल की हिरवा ते मोठ्याने बोलायचा. एके दिवशी त्याच्या मागे बसलेले बाबाही बोट दाखवू लागले.

“बाबा, हात खाली घ्या. लोक बघताहेत,” मी खेकसलो.

कुणीच बघत नव्हतं. लाज मलाच वाटत होती.

उतरताना ड्रायव्हरने पांढऱ्या हातमोज्यातल्या हाताने त्यांना सलाम केला. बाबांचा हात अर्धा वर आला, थांबला, आणि त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.