आधी कोण थांबणार

मी चौथी नापास, पण गिरणीत वीस वर्षं साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेत. कुठल्या साच्याचा धागा तुटणार ते मला नुसत्या आवाजावरून कळायचं. म्हणून संपानंतर घरी बसलो तेव्हा घाटकोपरच्या आमच्या चाळीतल्या सत्यनारायणाचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम मी स्वतः मागून घेतला. गळ्यात पडला म्हणतात ते खोटं बोलतात.

त्या साली तीन पार्ट्या होत्या. चाळीतले भजनी बुवा, खालच्या गल्लीतली बॅन्जो पार्टी आणि माहुलच्या कोळ्यांचा ब्रास बँड. मी ठरवलं, शेवटी तिघांनी एकत्र वाजवायचं. तालीम नाही, कागद नाही, सुचेल ते.

कमिटीतले मास्तर म्हणाले, "अहो, तालमीशिवाय गोंधळ होईल."

"मास्तर, भांडणाला कधी तालीम लागते का?"

"आणि फसलं तर?"

"सातच्या आरतीला संपवून दाखवतो. नाहीतर पुढच्या वर्षी हा कमिटीचा बिल्ला तुमच्या छातीवर."

सगळ्या चाळीसमोर बोलून बसलो.

सहाला सुरू झालं. झकास! बुवांच्या पखवाजाला बॅन्जोने उत्तर दिलं, बॅन्जोला कोळ्यांच्या ट्रम्पेटने. गुडघे धरून चालणाऱ्या म्हाताऱ्याही नाचल्या. पावणेसातला मी हात वर केला. कोणी ढुंकून बघेना.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्या कोकणातल्या डबलबारीत दोन बुवा समोरासमोर भजनं म्हणतात, आणि जो आधी थांबतो तो हरला. इथे तर मी तिघांना समोरासमोर बसवलं होतं!

बुवांच्या कानात ओरडलो, "बुवा, आवरा आता!"

"आधी त्या बॅन्जोवाल्याक थांबाक सांग. मी नाय थांबूचंय!"

बॅन्जोवाला म्हणाला, "काका, बुवा थांबले की लगेच."

बँडचा म्होरक्या घाम पुसत म्हणाला, "आम्ही पयले थांबलो तर माहुलला तोंड कसं दाखवू?"

एवढ्यात आमची ही आरतीचं तबक घेऊन आली. "सात वाजले. वात जळत आली. तुम्हाला जमत नसेल तर मास्तरांना बोलावू?"

हे मात्र लागलं. तिच्या तबकातली घंटा ओढून घेतली आणि मीच आरती सुरू केली. जन्मात कधी गायलो नव्हतो. पण आरती ती आरती. ती चालू असताना दुसरं वाजवायचं नसतं, आणि ती संपल्यावर कोणी एकटा पुढे वाजवत बसत नाही. पखवाज माझ्या मागे आला, मग बॅन्जो, मग बँड. अडचण एकच होती, मला पहिलंच कडवं येत होतं. तेच तीनदा म्हटलं. मग जयजयकार झाला आणि सगळे एका दमात गप्प. आधी कोणीच थांबलं नाही.

मास्तर शिऱ्याचा द्रोण घेऊन आले. "शेवट बरा बसला. तालीम केली होतीत वाटतं?"

"मग काय तर!"

ही म्हणाली, "एकच कडवं तीनदा म्हटलंत."

"पार्ट्या तीन होत्या," मी म्हणालो आणि छातीवरचा बिल्ला सरळ केला.