जावयाला द्यायची नळी

नौदलातून पाणबुड्या म्हणून पेन्शनीत निघालेला प्रेमदास १९८४ साली अल्लीपूरला परतला, तो हवेच्या टाक्यांचे दोन जुने संच सोबत घेऊनच. गावानं कपाळाला हात लावला. वर्धा जिल्ह्यात कुठला आलाय समुद्र! पण हा पठ्ठ्या हिंगणघाटजवळच्या पाणी साचलेल्या खदानीत हौसेनं उतरायचा आणि मासे पाहून खूश होऊन घरी यायचा.

एकटा होता तोवर ठीक होतं. उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचा, कांताचा नवरा हरिदास पाहुणा आला आणि मलेही खाली न्या म्हणून हट्ट धरून बसला. कांता पोटुशी. "दादा, याईले धड वर आनजो," एवढंच ती म्हणाली. प्रेमदासची झोप उडाली.

पाण्यात जोडीदाराची हवा बंद पडली, तर त्याला देण्यासाठी आपल्या टाकीला एक जादा नळी लागते. नळी होती. ती लावायची कशी, इथं घोडं अडलं. नौदलातला एक उस्ताद सांगायचा, जादा नळी लांब ठेव, कुशीला अडकव, वेळेला ती दे. दुसरा म्हणायचा, छे, तोंडातलीच काढून दे, तिच्यातून हवा येते हे तुला पक्कं ठाऊक असतं. जादा नळी आपल्या गळ्यात बांध, ती आपल्याला. दोघंही मुरलेले. ऐकावं कुणाचं? सकाळी नळी कुशीला, दुपारी गळ्यात, संध्याकाळी परत कुशीला. डोक्याचा नुसता भुगा झाला.

खरं तर दुसऱ्याचं त्याला पटत होतं. पण तोंडातली नळी म्हणजे उष्टी की हो! त्याचे वडील कवडूजी लहानपणी मालकाघरच्या उष्ट्यावर वाढलेले. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून या घरात उष्टं कुणी घेत नाही, कुणाला देत नाही. आणि जावयाला द्यायचं? प्रेमदासनं जादा नळी कुशीला अडकवली. वर, खदानीचा गाळ लागू नये म्हणून तिच्या तोंडाला धुतलेलं फडकं सुतळीनं गच्च बांधलं. काय म्हणावं या माणसाला!

खाली गेल्यावर हरिदासची हवा बंद पडली. तो गळ्यावर हात फिरवू लागला. प्रेमदासनं जादा नळी ओढली, पण सुतळी भिजून अशी आवळली होती की गाठ नखाला येईना. हरिदासचे डोळे फिरायला लागले. प्रेमदासनं तोंडातली नळी काढून त्याच्या तोंडात कोंबली आणि स्वतः बुडबुडे सोडत, त्याला कवटाळून वर आला. वर पोचेस्तोवर त्याची छाती फुटायची वेळ आली होती.

हरिदास वाचला. कांतानं नवऱ्याला गरम चहा पाजला, भावाला एक शब्द विचारला नाही. प्रेमदास मात्र वडिलांपुढं मान खाली घालून बसला.

"बाबा, मी जवायाले उष्टं देल्लं."

कवडूजींनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. आता आपली काही धडगत नाही, असं प्रेमदासला वाटलं.

"तुयं पोट भरलं होतं काय तवा?"

"नाई. मलेच हवा पाह्यजे होती."

"मंग ते उष्टं कसं? उष्टं म्हंजे देनाऱ्याचं पोट भरल्यावर उरलेलं. मी खाल्लं हाय, मले म्हाईत हाय."